बिनकाट्याचा गळ

पूल भिजलेला होता, आभाळ राखेच्या रंगाचं झालं होतं, आणि समोरून येणाऱ्या माणसाच्या हातात गळाची काठी होती. पुलाच्या मधोमध उभं राहून तिने हात आडवा केला.

"थांबा. गळ दाखवा."

तो थांबला. त्याच्या चष्म्यावर पावसाचे इतके थेंब जमले होते, की समोर माणूस आहे की खांब हेसुद्धा त्याला कळत नसावं.

"आपण कोण?"

"नदीची राखणदार."

"अच्छा... राखणदाराला मोठ्या मिशा आहेत, असं बाबांनी सांगितलं होतं."

"ते माझे वडील. ते गेले, आता मी आहे. गळ दाखवा."

मिशा नसल्या तरी जरब वडिलांचीच होती. कोटही वडिलांचाच होता, बाह्या दोनदा दुमडलेला. पुलाच्या वरच्या अंगाला नदीत ट्राउट मासे उरले होते ते थोडेच, आणि धरलेला प्रत्येक मासा पाण्यात परत सोडायचा असा नदीमंडळाचा नियम होता. पण साध्या गळाच्या टोकामागे एक उलटा काटा असतो. आत जाताना तो मुकाट जातो आणि बाहेर येताना माशाचं तोंड फाडून येतो. असा फाटक्या तोंडाचा मासा सोडला काय आणि न सोडला काय! म्हणून पुलाच्या वर बिनकाट्याचाच गळ चाले. नाहीतर चिमट्याने काटा दाबून सपाट केलेला. तो सपाट झालाय की नाही हे बघायला तिच्या खिशात एक जुना, विरळ झालेला रुमाल असे. गळ रुमालात खुपसायचा आणि ओढायचा. धागा अडकला, की गळ तिथल्या तिथे पकडीने मोडायचा. तिसऱ्यांदा सापडला तर हंगामभराचा परवाना रद्द. लोक तोंडावर तिला राखणदारबाई म्हणत आणि पाठीमागे रुमालबाई.

त्याने टोपीला लावलेली माशी काढून तिच्या तळहातावर ठेवली. माशी म्हणजे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला किडा, पाण्यावर तरंगणारा. तपकिरी पिसं, पोटाला पिवळा दोरा. बांधणाऱ्याच्या हातात कसब होतं. तिने गळ रुमालात खुपसून ओढला.

"अडकला."

"दाबला होता मी. काल संध्याकाळी."

"कमी दाबलात."

"थोडासाच तर उंचवटा आहे..."

"माशाचं तोंडही थोडंसंच असतं."

तिने पक्कड काढली. त्याचा हात पुढे आला आणि अर्ध्यात थांबला. "मोडायलाच हवा का? जप्त करून खिशात ठेवला तर?"

"खिशातला गळ दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या काठीला लागतो. माझ्या वडिलांनी ते दिवस पाहिलेत." तिने पक्कड दाबली. बारीकसा आवाज झाला. टोक एकीकडे उडालं आणि पिसांचा पुंजका नदीत पडला. तो पुलाखालून दिसेनासा होईपर्यंत हा माणूस कठड्यावरून वाकून बघत राहिला. मग त्याने चष्मा काढून सावकाश पुसला आणि पुन्हा घातला.

"आता नीट दिसलात," तो म्हणाला. "मघाशी नुसताच आवाज होता."

"आणि आता?"

"आता आवाजाला माणूस मिळालं."

तो वळणाआड जाईपर्यंत तिने दुसऱ्या कुणाचा गळ तपासला नाही. दुसरं कुणी नव्हतंच म्हणा. गिरणी बंद पडल्यापासून गावात माणसं उरली होती ती माशांसारखीच, थोडी आणि खोल पाण्यात बसलेली.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. या वेळी पुलावर पाय ठेवण्याआधीच त्याने चष्मा पुसला.

"मुद्दाम पुसून आलोय. तुम्ही दिसाव्यात म्हणून."

"मला तुमचा गळ दिसला की पुरे. पोटापाण्याला काय करता तुम्ही?"

"चष्मे बनवतो. शहरात दुकान आहे, सध्या बंद ठेवलंय."

माशी तशीच होती, तपकिरी आणि पिवळी. गळ रुमालात गेला... आणि अडकला.

"कमाल आहे," ती म्हणाली. "चष्म्याचा एवढासा स्क्रू बसवता, आणि गळाचा काटा तुमच्याने दाबवत नाही?"

तो हसला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. "इथे आलं की हात कापतो माझा."

आता एखाद्या मुलीला कुणी तिच्या डोळ्यांत बघून असं सांगितलं, तर ती काय समजेल? तिने जे समजायचं ते समजून घेतलं, आणि गळ मोडला. या वेळी जरा हळू.

"दोनदा झालं. तिसऱ्यांदा सापडलात तर परवाना गेला."

"मग तिसऱ्यांदा जपून यायला हवं."

"यायलाच हवं का?"

"हो," तो म्हणाला. "यायला तर हवंच."

त्या संध्याकाळी चहा उतू गेला, तो तिने पुसलाही नाही. भाजी चिरता चिरता आत्या तिच्याकडे बघत होती. आई-वडिलांच्या माघारी घरात या दोघीच.

"पाणी कुठे मुरतंय ते कळतं हो मला," आत्या म्हणाली. "कोण आहे?"

"कुणी नाही गं. एक चष्मेवाला आहे. मुद्दाम गळाला काटा ठेवून येतो."

"मुद्दाम कशाला?"

"मी थांबवावं म्हणून."

आत्याने सुरी खाली ठेवली. "हंगामी माणूस आहे, बाई. मासे संपले की तोही जाईल. जीव लावायचा तर जपून लाव."

आत्याचं म्हणणं खरं होतं, हे तिलाही ठाऊक होतं. या गावातून जे गेलं ते परत आलेलं तिने पाहिलं नव्हतं. तरी रविवारी तिने स्वतःच्या पैशांनी बिनकाट्याच्या गळांची एक पुडी घेतली आणि त्याच्या खोलीचा जिना चढली. खोली पुलाच्या वरच्या अंगाच्या डोहाकाठीच होती, वरच्या मजल्यावर; पाण्यात उतरायची वाट मात्र पुलापलीकडून. मनात ती वाक्य जुळवत होती. 'घ्या, आता थांबवायला दुसरं निमित्त शोधा...' असं काहीतरी.

दार उघडंच होतं. खिडकीजवळ खुर्चीत एक म्हातारा बसला होता, गुडघ्यांवर शाल. खिडकीतून सबंध डोह दिसत होता, आणि पूलही.

"तू रुमालबाई," तो म्हणाला. "ये, बस. मुलगा औषध आणायला गेलाय."

ती बसली. म्हाताऱ्याने तिच्या हातातली पुडी पाहिली.

"उशीर केलास पोरी. माझ्या बायकोच्या दोन माश्या मोडल्यास तू."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे सांगत गेला. तो छापखान्यात खिळे जुळवायचा, आणि बायको संध्याकाळी खिडकीशी बसून माश्या बांधायची. दर वर्षी दोघं या डोहावर यायची. "लोक म्हणायचे, ती बांधते आणि मी पकडतो. खरं सांगू? पकडायचीसुद्धा तीच. मी नुसता जाळी धरून उभा." गेल्या वर्षी ती गेली. जाण्याआधी, हात थरथरत असताना, तिने तीन माश्या बांधून ठेवल्या. आता डॉक्टरांनी त्यालाही पुढच्या हंगामाची आशा दिलेली नव्हती. "म्हटलं, तिची माशी या डोहावर उतरलेली आणि मासा तिला लागलेला एकदा बघायचा, मग काही मागणं नाही. पाण्यात उतरणं माझ्याने होत नाही, पण ही खिडकी आहे. मुलगा टाकेल, मी बघेन. तर तो बिचारा पुलाच्या पलीकडे पोचतच नाही."

"मला माहीत नव्हतं, काका."

"तुझं चुकलं असं कुठे म्हणतोय मी? आता एकच उरलीय, इतकंच."

जिन्यात पावलं वाजली. ती उठली आणि पुडी तिथेच ठेवून बाहेर आली. तो अर्ध्या जिन्यात होता, हातात औषधांची पिशवी.

"सांगितलं का नाहीत?" तिने विचारलं.

तिच्या चेहऱ्यावरूनच त्याने ओळखलं. "सांगितलं असतं तर सोडला असतात?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," ती म्हणाली.

"मग? मोडायचा तो मोडलाच असता, वर तुम्हाला झोप आली नसती. दोघांनी कशाला जागायचं?"

"आणि मी... मला वाटलं—"

"काय वाटलं?"

"तुम्ही काटा मुद्दाम ठेवता. मी थांबवावं म्हणून." तिचे कान तापले. जिन्यातला अंधार तिला बरा वाटला.

त्याने पिशवी पायरीवर ठेवली. "काटा मुद्दाम नव्हता. जुनं पोलाद आहे, जास्त दाबलं तर मोडतं, म्हणून हात राखून दाबला. पण... दुसऱ्या खेपेला पहाटे येता आलं असतं. तुम्ही पुलावर नसता तेव्हा. बाबांनी तसं सुचवलंही होतं. मी तुमच्या वेळेलाच आलो."

तिला तो आवडला होता, आणि त्याच्या आईच्या हातच्या माश्या तिने मोडल्या होत्या. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या होत्या, आणि त्यांतली कुठली आधी सोसायची हे तिला कळेना. मग राखणदाराच्या पोरीने तेच केलं जे तिला येत होतं. ती कामाचं बोलली.

"चष्म्याच्या फ्रेमची धार कशाने काढता तुम्ही?"

"कानशीने. बारीक असते, अगदी—" तो थांबला.

"मग काटा दाबता कशाला? घासा की!"

"पुलावरच्या पाटीवर लिहिलंय. 'काटा दाबून सपाट करावा.'"

"पाटी माझ्या वडिलांनी लिहिली. त्यांच्याकडे पक्कडच होती, म्हणून दाबून. रुमालात अडकला नाही म्हणजे झालं."

वरून खोलीतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" आणि मग तो हसला, खोकला येईपर्यंत हसला. चष्मेवाला औषध घेऊन धावत वर गेला.

म्हाताऱ्याने अट घातली. बायकोच्या माशीवर शिकायचं नाही, आधी दुसऱ्या गळांवर हात बसवायचा. तिने आणलेली पुडीही त्याने नापास केली. "ही जाड तारेची. तरंगणारी माशी हिच्यावर बुडेल. घाईत घेतलेली दिसते." ती घाई कसली होती, हे त्याने विचारलं नाही. म्हणून दोघं गळांच्या दुकानात गेली. काउंटरमागे दुकानदारीण हनुवटीला हात लावून पेंगत होती.

"हा?" त्याने एक उचलला.

"फार बारीक. मोठा मासा लागला तर सरळ करून टाकेल."

"मग हा. चौदा नंबर."

"अठरा बघताय तुम्ही. आकडा वाढला की गळ लहान होतो."

"आमच्याकडे उलटं. आकडा वाढला की भिंग जाड आणि गिऱ्हाईक उदास."

तिला हसू आलं, ते तिने खाली बघून लपवलं. "चौदा घ्या. आणि तोंड रुंद बघा. काटा नाही, तर धरायला लांब टोक आणि रुंद तोंड तरी हवं."

"आणि धार?"

"नख द्या." तिने त्याचा अंगठा धरला आणि गळाचं टोक नखावरून हलकेच ओढलं. घसरलं तर बोथट. हे घसरलं नाही, नखात रुतलं. "चालेल," ती म्हणाली. अंगठा मात्र तिच्या हातात राहिला होता... तोही काढून घेत नव्हता.

"एवढा वेळ?" दुकानदारीण डोळे न उघडता म्हणाली. "याच्या अर्ध्या वेळात लोक नवरा निवडतात."

मग पंधरवडाभर, दुपारी तिला जेवणाची तासभर सुट्टी असे तेव्हा, ती त्याला डोहाकाठी शिकवू लागली. काटा नसला की मासा फक्त ताठ दोरीवर राहतो. दोरी क्षणभर ढिली पडली, की मासा गेलाच. त्याचे मासे जात होते. एक गेला शिंक आली म्हणून, एक पाय घसरला म्हणून, आणि एक "तुमच्या केसांत पान अडकलंय" हे सांगायचं होतं म्हणून.

"पान कुठे पळून जाणार होतं?" तिने विचारलं.

"तुम्ही झटकून टाकलं असतंत. मग मी काय काढलं असतं?"

वर खिडकीत म्हातारा कपाळाला हात लावून बसलेला दिसे. आधी तो खिडकीतून ओरडून सूचना द्यायचा. मग नुसता हात हलवायचा. मग हातही शालीतच राहू लागला. ती दोघं ते बघत, आणि त्याबद्दल बोलत नसत. तिच्या मनात दुसरंही एक होतं, आणि त्याची तिला लाज वाटे. म्हातारा गेला, की या माणसाला इथे ठेवणारं काहीच उरणार नव्हतं.

एका दुपारी त्याने आईची माशी काढली. खिडकीच्या उजेडात तिने गळ दोन बोटांत धरला आणि तो कानस चालवत राहिला. श्वासाने पिसं हलत होती म्हणून दोघं श्वाससुद्धा बेताने घेत होती. त्याचं कपाळ तिच्या कपाळाला टेकायला आलं होतं. मग तिने रुमाल काढला, गळ खुपसला आणि ओढला. रुमालाला पत्ताही लागला नाही.

"आता वारा पडू दे," म्हातारा म्हणाला.

पण वारा पडेना. पाऊस उघडेना. अशा फेसाळ पाण्यात मासे वर येत नाहीत, आणि आले तरी माशी तरंगत नाही. रोज सकाळी म्हातारा विचारायचा, "आज?" आणि मुलगा खिडकीतून बघून म्हणायचा, "उद्या, बाबा." असा एक उद्या उजाडला आणि म्हाताऱ्याने विचारलं नाही.

अंत्यविधीला चारच माणसं होती. आत्याही आली. परतताना ती म्हणाली, "रडून घे." तिला रडू आलं नाही. रडण्याचा हक्क आपला नाही, असं तिला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. हवा होता तेव्हा न आलेला दिवस नको तेव्हा आला, करडा आणि स्थिर. सकाळीच तो पुलावर आला. दाढी वाढलेली, काठी हातात, माशी टोपीला.

"उद्या खोली सोडतोय," तो म्हणाला. "मालकाला सांगून ठेवलंय." मग त्याने माशी पुढे केली. "तपासा."

"माझ्याच हातात धरून घासलीय ना?"

"तरी तपासा. नियम आहे."

तिने तपासली. परत देताना त्याची बोटं गार लागली.

"एक मागू?" त्याने विचारलं. "वर जाऊन बसाल? खिडकीत. तिथे कुणीच नसलं तर... माझ्याने टाकवणार नाही."

कामाच्या वेळेत पूल सोडून ती कधी गेली नव्हती. वडील वारले त्या दिवशीसुद्धा त्यांच्या जागी ती उभी होती आणि निरोप पुलावरच आला होता. तिने रिकाम्या पुलाकडे एकदा पाहिलं आणि ती निघाली.

खोलीत बांधलेलं सामान होतं. शाल खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवलेली होती. ती खुर्चीत बसली नाही, बाजूला उभी राहिली. खाली तो पाण्यात गुडघाभर उतरला होता, एवढासा दिसत होता. त्याने दोरी मागे घेतली, पुढे सोडली. तपकिरी ठिपका पाण्यावर उतरला आणि डोलत निघाला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पाणी फुगलं, एक तोंड वर आलं, आणि ठिपका नाहीसा झाला.

काठी वाकली. मासा मोठा होता. तो सरळ खडकाकडे धावला, आणि याने त्याला बरोबर वळवला. दोरी ताठ, कोपर अंगाशी, सगळं शिकवल्यासारखं. "अस्सं," ती काचेशी पुटपुटली. मासा दमू लागला, काठाकडे येऊ लागला. त्याने जाळीला हात घातला.

आणि त्याने मान वर करून खिडकीकडे पाहिलं.

एवढंच. एक क्षण. काठी सरळ झाली, दोरी पाण्यावर सैल पडली. माशी एकटीच वर आली आणि तरंगू लागली. तो मात्र पाण्याकडे बघतच नव्हता. तो वरच बघत होता. तिने हात काचेवर ठेवला.

तो जिना चढून आला तेव्हा बुटांतून पाणी गळत होतं. माशी त्याने टेबलावर ठेवली.

"गेला," तो म्हणाला.

"पाहिलं मी. हातात आलेला मासा. वर कशाला बघितलंत?"

"तुम्ही आहात का ते बघायला."

"मी कुठे जाणार होते?"

"तुम्ही नाही. मीच जाणार होतो." त्याने चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून राहिला. "बाबांसाठी आलो होतो, ते झालं. आज मासा धरायचा, सोडायचा आणि निघायचं, असं ठरवून पाण्यात उतरलो. आणि दोरीला मासा असताना मला दुसरंच काहीतरी सुटतंय असं वाटायला लागलं. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. तुम्ही दिसतही नव्हतात तेव्हापासून."

बुटांचं पाणी जमिनीवर ठिबकत होतं.

"काकांनी शिव्या दिल्या असत्या," ती म्हणाली. "एवढा मासा घालवलात."

"आईने जास्त दिल्या असत्या."

"मालकाला काय सांगितलंय? उद्या सोडतो म्हणून?"

"हो."

"मग जाऊन पुन्हा सांगा. नाही सोडत म्हणून."

"आत्ता?"

"आत्ता. दोरी क्षणभर ढिली पडली की काय होतं, ते मघाशीच पाहिलंत ना?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग चष्मा घालून, ओल्या बुटांनी तसाच जिना उतरला. त्याची पावलं खाली पोचेपर्यंत ती उभी होती. मग ती म्हाताऱ्याच्या खुर्चीत बसली, आणि इतके दिवस न आलेलं रडू आलं. म्हाताऱ्यासाठी आलं, स्वतःच्या हाताने मोडलेल्या दोन माश्यांसाठी आलं, आणि आपल्याला इतकं बरं वाटतंय याच्या लाजेनेही आलं. खाली मालकाचं दार वाजलं. तिने वडिलांच्या कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि ती काय बोलणं होतंय ते ऐकू लागली.